खाडीकाठचा हायवे

मुंबईत शीवला रिक्षा थांबते आणि पुढे काळी-पिवळी टॅक्सी धरावी लागते. शहर आणि उपनगर यांची ही वेस. इथूनच पूर्व द्रुतगती महामार्ग निघतो आणि चुनाभट्टी, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला जातो. नाव एवढं भारदस्त, पण घाटकोपर-मुलुंडकरांसाठी तो नुसता 'हायवे'.

द्रुतगती म्हणायचं तेही जरा सैलपणेच. ग्लासगोहून एडिंबराकडे जाणाऱ्या एम-8 सारख्या मोटरवेवर पायी चालायला आणि सायकलला बंदी असते. इथे बेस्टचे थांबे आहेत, रिक्षा आहेत.

या पट्ट्यातला थोरला रस्ता म्हणजे आग्रा रोड, आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग. तो रेल्वेच्या पश्चिमेने, गजबजलेल्या वस्तीतून जातो. हायवे पूर्वेचा, मिठागरं आणि खारफुटीच्या अंगाने गेलेला. भांडुपजवळ गाडीची काच खाली केली, की ओहोटीच्या चिखलाचा खारट वास नाकात शिरतो. पलीकडे ठाणे खाडी. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला.

शहर या रेषेवर थांबलं नाही. विक्रोळीत टागोरनगर हायवेच्या अलीकडे, तर मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचं नाव मिळालेलं कन्नमवारनगर पलीकडे. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर अगदी कडेला. 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर इथे लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. मुंबईत रमाबाई नगर म्हटलं, की आजही आधी तो दिवस आठवतो.

छेडानगरला 2014 पासून दक्षिण मुंबईतून आलेला पूर्व मुक्त मार्ग उतरतो. आता तोच उंचावरून ठाण्यापर्यंत न्यायचं, साधारण 13 किलोमीटरचं काम निघालं आहे. त्याच्या वाटेत विक्रोळीची टॅबेबुयाची झाडं आली, तेव्हा वाद पेटला. एरवी रुक्ष असलेला हा रस्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये या झाडांमुळे गुलाबी होतो. पानं गळालेली, नुसती फुलंच फुलं. लोक गाड्या कडेला घेऊन फोटो काढतात, मागचे हॉर्न वाजवतात.

मुलुंडच्या पुढे आनंदनगरचा नाका. इथली जकात 2017 साली जीएसटी आल्यावर गेली. हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला. मालाचे ट्रक मात्र अजून भरतात.