जिन्याखालच्या गाड्या

रात्री गाडी लावायची, हँडलला कुलूप घालायचे आणि वर जाऊन निश्चिंत झोपायचे, हा आपणा सर्वांचा परिपाठ. गाडी चोरीला जाऊ नये एवढीच काळजी आपल्याला असते. तीच गाडी खाली पेटली तर तिचा धूर कोणत्या वाटेने वर येईल, हा विचार आमच्याही मनाला अनेक वर्षे शिवला नव्हता. बँकेत वाहनकर्जाचे अर्ज आमच्या हातून शेकड्यांनी गेले. अर्जदाराचा पगार, जामीनदार, गाडीचा विमा सगळे त्यात विचारलेले असते. गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमची इमारत चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची. तळमजल्यावर पार्किंग, मधोमध एकच जिना, जिन्याखाली विजेचे मीटर आणि मीटरला टेकून दुचाकी. दोन उन्हाळ्यांपूर्वी रात्री एकच्या सुमारास मीटरखालच्या एका सैल जोडातून ठिणग्या पडल्या आणि खालच्या स्कूटरचे सीट धुमसू लागले. तिसऱ्या मजल्यावरचे काका औषध घ्यायला उठले होते, त्यांना वास आला. त्यांनी खाली जाऊन मेन स्विच पाडला आणि प्लास्टरच्या कामातून उरलेली वाळू सीटवर टाकली. नुकसान म्हणाल तर एक सीट आणि एक मडगार्ड. परंतु तेवढ्या दहा मिनिटांत धूर चौथ्या मजल्यावर, म्हणजे आमच्या दारात आला होता. आमच्या आईला दमा आहे. आम्ही घाईने तिला धरून जिन्यापर्यंत नेले आणि दोन पायऱ्या उतरताच खोकल्याने तिचा जीव कासावीस झाल्यावर परत आत आणले. ते नेणे ही आमची चूक होती, हे आम्हाला नंतर समजले.

धूर गरम असतो, म्हणून वर चढतो, हे विद्यार्थी मित्रांनी शाळेत शिकलेलेच आहे. त्याला वर जायला जी पोकळी मिळेल ती धुराड्याचे काम करते, आणि आपल्या इमारतींत ही पोकळी म्हणजे जिना. सीटमधला फोम, प्लॅस्टिक, टायर यांचा धूर काळा आणि दाट असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही, उलट अधिक गाढ झोपवतो. तेव्हा ‘वासाने जाग येईलच’ हा भरवसा खोटा आहे. आमच्या काकांना आली, कारण ते जागेच होते.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत हेच घडले. तळमजला अधिक पाच मजल्यांची इमारत. गाड्या उभ्या असतात त्या खालच्या भागात आग भडकली आणि धूर वर गेला. त्याच दिवशी सात जणांच्या मृत्यूची बातमी आली, चाळीसहून अधिक जखमी झाले. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २०२२ मध्ये, सिकंदराबादला एका हॉटेलखाली विजेवरच्या स्कूटरचे दुकान होते. तिथे लागलेल्या आगीचा धूर वर मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांपर्यंत पोहोचला आणि आठ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी खाली वाहने होती आणि वर झोपलेली माणसे होती.

अमेरिकेत घराला लागूनच गॅरेज असते. तिथे बऱ्याच ठिकाणी पाळल्या जाणाऱ्या बांधकाम नियमात गॅरेज व घर यांच्यामध्ये अर्धा इंच जाडीचा जिप्समचा थर आणि भरीव लाकडाचे वा पोलादी दार सांगितले आहे. गॅरेजमधून थेट झोपण्याच्या खोलीत दार काढायला मनाई आहे. आग लागणारच नाही असे त्यांनी धरलेले नाही. लागली तर घरातल्यांना बाहेर पडायला काही मिनिटे मिळावीत, एवढाच हिशेब. आपल्याकडे नाशिक-पुण्याच्या रो-हाउसमध्ये गाडीची जागा आणि हॉल यांच्यामध्ये पातळ फ्लशडोअर असते, तेही उन्हाळ्यात वाऱ्यासाठी उघडे. इमारतीत तर तेवढेही नाही, जिना सरळ पार्किंगमध्येच उतरतो. भिंत नव्याने बांधणे आपल्या आवाक्यातले नसेल. रो-हाउसमधले ते दार मात्र भरीव बसवता येते आणि रात्री लावून घेता येते.

पेट्रोलविषयी थोडे. ते स्वतः जळण्याआधी त्याची वाफ जळते आणि शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ त्यातून निघते. मग आपल्या मे महिन्याची गोष्टच नको. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते आणि काही फुटांवरच्या ठिणगीपाशी पोहोचते. म्हणून शटर ओढलेल्या जागेत नळी लावून पेट्रोल काढणे, ठिबकणारी गाडी ‘उद्या दाखवू’ म्हणून तशीच उभी करणे, देवाच्या भरवशावर सोडण्याइतके किरकोळ नाही. अडगळीचेही तेच. मोडके पलंग, रंगाचे डबे, जुन्या गाद्या आणि, आपलेच सांगायचे तर, जयंतीच्या मंडपाचे कापड, पताका नि जनरेटरच्या डिझेलची कॅन, हे सर्व पार्किंगच्या कोपऱ्यात रचलेले आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

आता विजेवरच्या गाड्या. त्यांच्याविषयी भीती पसरवण्याची आमची इच्छा नाही, धूर न ओकणारी गाडी कुणाला नको आहे? पण त्यांची आग वेगळी असते, ते समजून घेतले पाहिजे. लिथियम बॅटरीत अनेक लहान घट शेजारी शेजारी बसवलेले असतात. आतील दोषाने, मार लागल्याने, पाणी शिरल्याने किंवा चुकीच्या चार्जरने एक घट तापला, की तो शेजारच्याला तापवतो आणि ही साखळी स्वतःच्याच उष्णतेने पुढे जाते. धूर विषारी असतो. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबते, पण आतली उष्णता निवत नाही आणि बॅटरी पुन्हा पेट घेते. ती शांत करायला भरपूर पाणी लागते. ते काम अग्निशमन दलाचे, आपले नव्हे. २०२२ च्या सप्टेंबरात वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्याच वर्षी डिसेंबरपासून आणि पुढे मार्च २०२३ अखेरपासून, अशा दोन टप्प्यांत सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. त्याआधीच्या गाड्या मात्र आजही रस्त्यावर आहेत.

म्हणून गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा. गाडी चालवून आल्यावर बॅटरी थोडी निवू द्यावी. सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला पक्का सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको. काढता येणारी बॅटरी घरात आणून दाराजवळ चार्ज करणारे पुष्कळ आहेत. ती पेटली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. फुगलेली वा आपटलेली बॅटरी स्वस्तात दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

आमच्याकडे या प्रश्नावरून तीन बैठका झाल्या. एका सभासदाने दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून चार्जिंग चालवले होते. ती बंद करा म्हटल्यावर ‘मग मी गाडी डोक्यावर घेऊन फिरू काय?’ असा त्यांचा सवाल. त्यांचेही चुकीचे नव्हते. शेवटी जिन्यापासून लांब, कंपाउंडच्या भिंतीलगत स्वतंत्र ब्रेकरचा पॉइंट घेतला आणि सर्व जागे असतात तोवर, म्हणजे रात्री दहापर्यंतच, चार्जिंग करायचे ठरले. मीटरसमोरची तीन फूट जागा मोकळी झाली, त्यात आमचीच स्कूटर प्रथम हलली. खर्च सोळा जणांत वाटताना दोन घरे म्हणाली, आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही का द्यावे? जिना तर तोच आहे, एवढेच आमच्या सेक्रेटरी ताई म्हणाल्या. एका घराने पैसे दिले, दुसऱ्याचे अजून यायचे आहेत.

कायदा आहे. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा २००८ च्या डिसेंबरपासून लागू झाला. ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा सक्तीची आहे, त्यांना ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावा लागतो. दाखला फाइलला लावून सिलिंडरवर धूळ बसू देणे, यात आपण कारकून मंडळी तरबेज! सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा कोणीही पाहू शकते. वापरायचा झाल्यास पिन काढावी, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरावी आणि झाडू मारल्यासारखी फिरवावी. आग सीटएवढी असेपर्यंतच हे करावे, आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट ठेवून.

रात्री खरोखरच तसा प्रसंग आला तर काय करावे? जिना स्वच्छ असेल तर सर्वांनी ताबडतोब खाली उतरून बाहेर पडावे, दारे ठोठावत. जिन्यात धूर असेल तर खाली उतरू नये आणि गच्चीकडेही धावू नये. घरात राहावे, दार लावावे, दाराच्या फटीत ओली चादर कोंबावी, रस्त्याकडच्या खिडकीशी उभे राहून हाका माराव्यात आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून मजला सांगावा. आईला जिन्याकडे नेताना आम्ही नेमके याच्या उलट केले होते.

१४ एप्रिल ही तारीख आपणा सर्वांना पाठ आहे. १९४४ साली त्याच तारखेला मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना साठहून अधिक अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. म्हणून देशभर तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो. जयंतीच्या आदल्या आठवड्यात जवळच्या केंद्रातील जवानांना बोलावून मुलांना सिलिंडर हाताळायला लावता येईल. आम्ही अर्ज लिहून ठेवला आहे. मंडपाचे कापड आणि डिझेलची कॅन कुठे ठेवायची, हे त्याच बैठकीत ठरवायचे आहे.