चूक कबूल केली तर कंपनी बुडते का?

कंपनीच्या हातून कुणाचं नुकसान झालं, की वकिलांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘काही बोलू नका.’ या सल्ल्यामागचे समज तपासायलाच हवेत, कारण त्या मौनाची किंमत पीडितांना मोजावी लागते.

गैरसमज १ : माफी मागितली म्हणजे कोर्टात दोष मान्य केला.
वस्तुस्थिती : भीती अगदीच निराधार नाही, आपल्याकडे कबुली पुरावा म्हणून मांडता येते. पण नुसत्या माफीने दोष सिद्ध होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००६च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टने तर हे लिहूनच ठेवलं आहे: केवळ माफी मागणं ही निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही.

गैरसमज २ : चूक सांगितली की खटल्यांची रांग लागते.
वस्तुस्थिती : मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१पासून उपचारातली चूक स्वतःहून सांगायला, माफी मागायला आणि भरपाई देऊ करायला सुरुवात केली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दर लाख रुग्णभेटींमागे नव्या खटल्यांचं मासिक प्रमाण २.१३वरून ०.७५वर आलं. सगळं श्रेय या पद्धतीला देता येणार नाही, पण खटले वाढले नाहीत हे नक्की.

गैरसमज ३ : भरपाई दिली की विषय मिटला.
वस्तुस्थिती : भोपाळच्या १९८४च्या वायुगळतीनंतर युनियन कार्बाइड या कंपनीने १९८९मध्ये ४७ कोटी डॉलर भरले, पण दोष स्वीकारला नाही, घातपात झाल्याचंच ती सांगत राहिली. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी भोपाळकरांचा लढा संपलेला नाही.

गैरसमज ४ : ‘दिलगीर आहोत’ म्हटलं की झालं.
वस्तुस्थिती : थॅलिडोमाइड या औषधामुळे जगभरात सुमारे दहा हजार बालकं व्यंग घेऊन जन्मली. ते १९६१मध्ये मागे घेण्यात आलं. ते बनवणाऱ्या ग्रुनेन्थाल या जर्मन कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली ती २०१२मध्ये, आणि तीही जवळपास पन्नास वर्षं पीडितांपर्यंत पोहोचलो नाही याबद्दल. धोका तेव्हा कळणं शक्य नव्हतं, ही भूमिका कायम राहिली. पीडितांच्या संघटनांना ही माफी अपुरी वाटली.

आपण दिलगिरी व्यक्त करतो, पण माफी मागतो. व्यक्त करून मोकळं होता येतं. मागायची तर आधी आपलं काय चुकलं ते सांगावं लागतं, नुकसान भरून द्यावं लागतं, आणि समोरच्याचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्कही मानावा लागतो. कंपन्यांनी माफी मागावी, ती अशी.