आ वासलेली चोच

चिमणीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचं वजन जेमतेम दोन-अडीच ग्रॅम असतं. अंगावर पीस नाही, डोळे घट्ट मिटलेले. आणि साधारण पंधरवड्यात हेच पिल्लू वीस ग्रॅमच्या पुढे जाऊन घरट्याबाहेर उडी घेतं! आपलं तीन किलोचं तान्हं बाळ दोन आठवड्यांत तीस किलोंचं झालं तर?

ही किमया दाण्यांची नव्हे. एरवी दाणे टिपणारे चिमणा-चिमणी पिल्लांसाठी दिवसभर अळ्या, नाकतोडे, कोळी हुडकत फिरतात. एवढ्या वेगानं अंग भरायचं तर प्रथिनं हवीत.

पण डोळेच उघडले नाहीत, तर घास आला हे पिल्लाला कळतं कसं? घरटं हललं की कळतं! प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं कस्तूर पक्ष्याच्या पिल्लांवर प्रयोग करून १९३९ साली ते प्रसिद्ध केले. घरट्याला हलका धक्का बसला की आंधळी पिल्लं मान ताठ करून चोच सरळ आभाळाकडे वासायची. गंमत पुढेच आहे. डोळे उघडल्यावरही थोडा काळ ती वरच चोच वासत, समोर आई दिसत असली तरी! मग हळूहळू चोच आईच्या डोक्याकडे वळायची. पुठ्ठ्याच्या मोठ्या चकतीला छोटी चकती जोडून दाखवली, तर छोटीलाच डोकं समजून तिच्याकडे.

आता त्या वासलेल्या चोचीत डोकावून बघा. कडेला मऊ पिवळी किनार, अंधाऱ्या वळचणीतही आईबापांच्या नजरेत भरणारी. जिभेच्या मुळाशी एक बारीक फट, प्रत्येक श्वासाबरोबर उघडणारी, मिटणारी. हे श्वासनलिकेचं तोंड! पिल्लाला पाणी मिळतं ते अळ्यांच्या अंगातलं. त्याच्या तोंडात पाणी कुणी ओतत नाही. आपण मात्र कळवळून ड्रॉपरनं पाणी सोडतो, ते त्या फटीतून थेट फुप्फुसात जाऊ शकतं आणि पिल्लू दगावू शकतं.

म्हणून हातानं भरवणारे जाणकार आधी पिल्लाला ऊब देतात, कारण गारठलेल्या पिल्लाला अन्न पचतच नाही. मग बोथट चिमट्यानं ओलसर, मऊ घास, त्या फटीच्या पलीकडे, घशात खोल. तोही पिल्लानं आपणहून चोच उघडल्यावरच. दूध-पोळी मुळीच नाही. लहान पिल्लाला असा घास उजाडल्यापासून मावळेपर्यंत साधारण अर्ध्या-अर्ध्या तासानं लागतो. चिमण्यांची ही जोडी रोज केवढं राबते, ते इथे कळतं!

घास गिळला की पिल्लू पाठ वळवून शेपूट वर करतं आणि पांढरी, ओली पुडी बाहेर येते. पातळ आवरणात बांधलेली विष्ठा! आईबाप ती चोचीत उचलून दूर नेऊन टाकतात. घरटं कोरडं राहतं.

तेव्हा उघडं पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि घरटं हाताला येत असेल, तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल, तर मांजराला घरात घ्या आणि लांब व्हा. त्याचे आईबाप जवळपासच असतात. जखमी असेल तर खोक्यात उबेला ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.