चंद्राला रोज उशीर का होतो? विचारा प्रागच्या घड्याळाला!

ओळख बघू! असं कुठलं घड्याळ आहे, जिथे चक्क एक सांगाडा घंटा वाजवतो?

अरे, घाबरतोस काय! खोटा सांगाडा आहे तो. युरोपात चेकिया नावाचा देश आहे. प्राग ही त्याची राजधानी. तिथल्या जुन्या चौकात, जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर हे घड्याळ बसवलंय. त्याचं नाव ओर्लोय. सकाळी 9 पासून रात्री 11 पर्यंत दर तासाला त्याच्याखाली ही गर्दी! सगळ्यांच्या माना वर आणि मोबाइलही वर!

तास भरला की सांगाडा दोरी ओढतो. टण्! टण्! दुसऱ्या हातात त्याच्या वाळूचं घड्याळ. ‘चला, वेळ संपली,’ म्हणून तो मान डोलावतो. दुसऱ्या बाजूला आरशात बघणारा एक नटवा आहे आणि पैशांची थैली घट्ट धरलेला एक कंजूषही. ते मान हलवतात, ‘छे छे, इतक्यात नाही!’ वरच्या दोन खिडक्या उघडतात. येशू ख्रिस्ताचे 12 शिष्य एकेक करून डोकावून जातात. मग सोनेरी कोंबडा आरवतो. कसला आरवतो, बिचाऱ्याचा घसा बसलाय! टाळ्या पडतात. गर्दी पांगते.

आणि इथेच लोक फसतात! बाहुल्या छान आहेत, पण त्या नंतर आल्या. खरी गंमत खिडक्यांखालच्या मोठ्या निळ्या तबकडीत आहे. ती 1410 सालची. तेव्हा दुर्बीणसुद्धा नव्हती. दुर्बीण निघायला अजून जवळजवळ 200 वर्षं होती!

या तबकडीवर नुसते किती वाजले ते दिसत नाही. एका काट्यावर सोनेरी सूर्य आहे. तो निळ्या भागात असला की दिवस, तांबूस पट्ट्यात असला की पहाट किंवा संध्याकाळ, काळ्या गोलात शिरला की रात्र. दुसऱ्या काट्यावर चंद्र. शिवाय एक फिरतं कडं आहे. त्यावर कोण बसलंय, सांग! मेष, वृषभ, मिथुन… हो, तुझी आजी पंचांगात बघते त्याच 12 राशी!

आता सूर्य, चंद्र आणि राशींचं कडं हे तिघंही गोल फिरतात. पण तिघांचा वेग वेगळा. एवढं गणित सांभाळतं कोण? संगणक तर नव्हता!

सांभाळतात दात!

सायकलच्या पेडलपाशी दातेरी चाक असतं ना, तशी तीन मोठी चाकं आत आहेत. प्रत्येक चाक मीटरभराहून मोठं. राशींच्या चाकाला 365 दात. सूर्याच्या चाकाला 366. चंद्राच्या चाकाला 379. आणि त्यांना ढकलणारी छोटी चाकं मात्र अगदी सारखी, प्रत्येकी 24 दातांची.

कळलं नाही? थांब. शाळेच्या मैदानावर कवायत चालू आहे असं समज. सरांची एक शिट्टी, सगळ्यांचं एक पाऊल. तीन मुलं मैदानाला फेऱ्या मारतायत. पहिल्याची फेरी 365 पावलांत पुरी होते. दुसऱ्याला 366 पावलं लागतात, तिसऱ्याला 379. शिट्टी सगळ्यांना एकच! मग काय होईल? दुसरा दर फेरीला एकेका पावलाने मागे पडेल. तिसरा तर फारच मागे राहील.

राशींचं कडं म्हणजे पहिला मुलगा, सूर्य हा दुसरा. राशींच्या कड्याच्या मानाने तो रोज एक दात मागे पडतो. एक दात म्हणजे साधारण 4 मिनिटं. असं मागे पडत पडत तो पुन्हा त्याच राशीत, त्याच जागी कधी येतो? 365 दिवसांनी. म्हणजे जवळजवळ एका वर्षाने! एका जास्तीच्या दातात अख्खं वर्ष लपवलंय की नाही!

आणि चंद्र? तो सूर्याच्या 13 दात मागे. वेळेत मोजलं तर रोज सुमारे 51 मिनिटं. आता आठव, संकष्टीला घरचे चंद्रोदयाची वाट बघतात. दुसऱ्या दिवशी तू गच्चीवर जाऊन चंद्राची वाट बघ. तो आणखी उशिरा येईल! खऱ्या चंद्राला रोज सरासरी 50 मिनिटं उशीर होतो. घड्याळाच्या चंद्राला 51. फक्त दात मोजून एवढं जमवलं त्या लोकांनी!

हा घड्याळातला चंद्र म्हणजे एक छोटा गोळा आहे, अर्धा चंदेरी, अर्धा काळा. काट्याबरोबर फिरता फिरता तो स्वतःभोवतीही हळूहळू वळतो. म्हणून कधी कोर दिसते, कधी पौर्णिमा. त्याला वळवतं कोण? त्याच्या पोटातलं एक वजन! काटा कुठेही गेला तरी वजन आपलं खालीच लोंबतं. गोळा फिरतो, वजन हटून बसतं आणि त्या हट्टावर आतलं चाक सरकतं. मला तर हा हट्टी वजनाचा तुकडा सांगाड्यापेक्षा जास्त आवडतो.

हे घड्याळ केलं कादान गावच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने. गणितात मदत केली प्रागच्या विद्यापीठातल्या यान शिंदेल यांनी. (शिंदे नव्हेत हं, शिंदेल!) प्रागमध्ये एक भयंकर गोष्टही सांगतात. कारागिराने असं घड्याळ दुसरीकडे करू नये म्हणून नगरातल्या मोठ्या लोकांनी त्याचे डोळेच काढले! पण ती निव्वळ दंतकथा. खरं संकट आलं मे 1945 मध्ये, महायुद्ध संपता संपता. तोफांच्या माऱ्यात आग लागली आणि लाकडी शिष्य जळून गेले. मग नवे कोरले. 1948 साली घड्याळ पुन्हा चालू झालं.

आता एक चूक शोध. तबकडीच्या मधोमध कोण आहे? पृथ्वी! आणि सूर्य तिच्याभोवती फिरतोय! 1410 साली जवळजवळ सगळे तसंच मानायचे. सूर्य मध्यभागी आहे असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक आलं 1543 साली. पुढे योहानेस केप्लर याच प्रागमध्ये राहिला. 1609 साली त्याने सांगितलं की मंगळ सूर्याभोवती फिरतो, तेही लंबगोल वाटेने.

मग ओर्लोयची वेळ चुकली का? मुळीच नाही! कारण घड्याळ बघणारे आपण सगळे पृथ्वीवरच तर उभे आहोत. इथून सूर्य उगवताना आणि मावळतानाच दिसतो. 365, 366 आणि 379 दात तेवढंच दाखवतात, आणि 600 वर्षांनंतरही दाखवतात!