रस्ता सार्वजनिक, मग चालणारा उपरा का?

जालन्याचे मस्तगड म्हटले की इतिहासकारांना गढी आठवते आणि आम्हाला बाबासाहेबांचा पुतळा आठवतो. निजाम-उल-मुल्क आसफजहाच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ साली ही गढी बांधली, असे सांगितले जाते. पुढे याच गढीत नगरपालिकेची कार्यालये आली, तशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. आज मस्तगड हा शहरातला गजबजलेला भाग आहे. १४ एप्रिलला येथे निळा सागर उसळतो. ६ डिसेंबरला माणसे मूकपणे येतात, अभिवादन करतात आणि परत जातात. यातली बहुसंख्य माणसे पायी येतात. हे दोन दिवस रस्ता माणसांचा असतो. पोलीस वाहने वळवतात, कठडे लावतात. उरलेले ३६३ दिवस तीच माणसे त्याच रस्त्याने चालतात, तेव्हा त्यांची चौकशी करायला कोणी नसते. आमचा प्रश्न या ३६३ दिवसांचा आहे.

कोण चालते या रस्त्यांवरून? लोखंडाच्या कारखान्यात पाळीला निघालेला कामगार चालतो. चार घरची धुणीभांडी करणारी मायबहीण चालते. मजूर नाक्यावर उभा राहणारा मिस्त्री-बिगारी, पाठीवर दप्तर घेतलेले लेकरू, सरकारी दवाखान्याचा कागद मुठीत धरलेली म्हातारी, हे सारे चालतात. त्यांच्या वाट्याला रस्त्याची कड येते. कडेला गटार, गटारावर फुटकी फरशी, फरशीवर उभी केलेली मोटारसायकल, पुढे विजेचा खांब आणि त्याच्या पुढे कोणाच्या तरी पक्क्या दुकानाची पुढे आलेली पायरी. मग माणूस नाइलाजाने डांबरावर उतरतो. मागून हॉर्न वाजतो आणि शिवी येते, ‘मरायचे आहे काय?’ ज्याला चालायला जागाच ठेवली नाही, त्यालाच गुन्हेगार ठरवण्याची ही तऱ्हा आहे. ही तऱ्हा आमच्या समाजाला नवी नाही.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा पाहा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दररोज सरासरी ९० माणसे केवळ पायी चालत असल्यामुळे मेली. त्यांच्याकडे वाहन नव्हते, त्यांनी वेग वाढवला नव्हता, सिग्नल तोडला नव्हता. एखादे विमान कोसळले तर देश हळहळतो, चौकशी समिती बसते. येथे रोज ९० माणसे जातात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन ओळी येतात, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत इसम ठार’. वाहनही अज्ञात आणि इसमही अज्ञात! सरकार या मृतांची जात मोजत नाही. पण ज्यांच्याकडे चारचाकी नाही, ज्यांचे काम पहाटे सुरू होते आणि अंधारात संपते, ज्यांची वस्ती शहराच्या कडेला किंवा हमरस्त्याच्या पलीकडे ढकललेली आहे, तेच अधिक चालतात, हे समजायला जनगणनेची गरज नाही.

चळवळीतल्या काही मित्रांना हा विषय किरकोळ वाटतो. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती, खाजगीकरण एवढे प्रश्न आ वासून उभे असताना फुटपाथची कसली चर्चा, असे ते विचारतात. त्यांनी आपलाच इतिहास पुन्हा चाळावा. जातिव्यवस्थेने माणसाला पहिल्यांदा अडवले ते रस्त्यावर. पेशवाईत अस्पृश्याने रस्त्याने कसे जावे, त्याची सावली कोठे पडावी याचे जे नियम होते, ते बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या ग्रंथात जगापुढे मांडले. केरळात १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह झाला, तो देवळात जाण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपली माणसे गेली, तीसुद्धा रांगेने, पायी चालत गेली. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्याच ओळीत ‘रस्ते’ हा शब्द आला. तो शब्द तेथे सहज पडलेला नाही. त्यामागे पिढ्यांचा अपमान उभा आहे.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातला रस्त्यावरचा अपघात तर प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावा. १९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्थानकापासून महारवाडा पायी जाण्यासारख्या अंतरावर होता. पण पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईनात, फक्त टांगा भाड्याने द्यायला तयार झाले. तेव्हा टांगा हाकण्याची सवय नसलेला वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला. वाटेत नदीवर मोरी होती. तिला कठडा नव्हता, काठाला अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले होते आणि रस्त्यावरून मोरीवर येताना एकदम काटकोनात वळावे लागत होते. घोडा बुजला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब मोरीच्या फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा खाली नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

वकील म्हणून आम्ही या प्रसंगाकडे पाहतो तेव्हा त्यात तीन कारणे दिसतात. पहिले कारण जात. तिने सरावलेला टांगेवाला नाकारला. दुसरे कारण बांधकाम. वळण धोक्याचे आणि मोरीला कठडा नाही. तिसरे कारण चालण्याला प्रतिष्ठा नाही, ही समजूत. पाहुण्याच्या मानापुढे त्याच्या जिवाची सुरक्षितता मोठी आहे, हे त्या प्रेमळ माणसांच्या ध्यानात आले नाही, असे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. आजच्या शहराला ही तिन्ही कारणे लावून पाहा. वस्ती कडेला टाकली गेली, रस्त्याला कठडा, फुटपाथ, दिवा नाही, आणि पायी चालणारा म्हणजे कोणी क्षुद्र अशी नजर. मग जे घडते त्याला केवळ ‘अपघात’ म्हणायचे? ‘अपघात’ हा शब्द जबाबदारीवर पांघरूण घालतो. मोरीला कठडा नसेल, तर तो न बांधणारा कोणीतरी असतोच.

कायदा काय म्हणतो? हिमाचल प्रदेशातल्या डोंगराळ भागातील गरीब, बहुसंख्येने दलित असलेल्या गावकऱ्यांनी रस्त्यासाठी दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदराम शर्मा प्रकरणात रस्त्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशेखरन प्रकरणात आणखी स्पष्ट सांगितले की, अडथळा नसलेला आणि अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा अनुच्छेद २१ खालच्या हक्काचा भाग आहे. त्याच प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१अ) आणि २१०ड खाली पादचाऱ्यांसाठी व रस्त्यांच्या रचनेसाठी सहा महिन्यांत नियम करण्याचे आदेश दिले. १ सप्टेंबर २०१९ पासून याच कायद्यात कलम १९८अ आहे. ठरलेल्या मानकाप्रमाणे रस्ता बांधला वा राखला नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांच्या प्रकरणात मृत्यूसाठी सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली.

मानक म्हणजे तरी काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे. म्हणजे म्हातारीला चढता यावे, लेकराला उतरता यावे. प्रशासन म्हणेल, निधी नाही. त्याचे उत्तर १९८० सालीच दिले गेले आहे. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावले की, पैसा नाही म्हणून नगरपालिकेला आपले कायदेशीर कर्तव्य टाळता येणार नाही. जालन्यात २०२३ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. पाटी बदलली तशी जबाबदारीही वाढली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ खाली रस्ते आणि दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. ती मेहरबानी नव्हे.

येथे एका सापळ्यापासून सावध राहिले पाहिजे. फुटपाथची मागणी केली की प्रशासन पहिला हातोडा हातगाडीवर, चांभाराच्या पेटीवर आणि भाजीवालीच्या टोपलीवर घालते. चालणारा गरीब आणि विकणारा गरीब यांना एकमेकांच्या अंगावर सोडायचे, आणि पक्क्या दुकानाची पायरी, बड्यांच्या गाड्या तशाच ठेवायच्या! हे आम्हाला मान्य नाही. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहेत, पण तेथील गरिबाला नोटीस न देता, म्हणणे न ऐकता हुसकावता येणार नाही, असे ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ सालीच सांगितले गेले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र, विक्रीची जागा आणि शहर फेरीवाला समिती बंधनकारक केली. या समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असतात. दोघांनाही पुरेल अशी आखणी होऊ शकते. ती होत नाही, कारण रस्त्याची सर्वांत मोठी जागा फुकटात उभ्या राहणाऱ्या मोटारींना दिलेली आहे, हे कोणी बोलत नाही.

मग करायचे काय? मोर्चा काढण्याआधी कागद गोळा करा. मस्तगडापासून आपल्या वस्तीपर्यंतचा, शाळेपर्यंतचा, दवाखान्यापर्यंतचा रस्ता चार तरुणांनी टेप घेऊन मोजावा. कोठे फुटपाथ आहे, किती रुंद आहे, कोठे दिवा बंद आहे, कोठे रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे नाहीत, याची यादी करावी. मग माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. या रस्त्यावर तीन वर्षांत किती खर्च झाला, फुटपाथसाठी किती, ठेकेदार कोण, देखभालीची मुदत कधीपर्यंत, असे सरळ प्रश्न विचारावेत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. वस्ती सुधारणेच्या निधीतून गल्लीत सिमेंट पडते, पण वस्तीच्या तोंडाशी हमरस्ता ओलांडायची सोय आहे काय, हेही विचारावे. यादी आणि उत्तरे हातात घेऊन आयुक्तांना निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. उद्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जायची वेळ आली, तर हीच पोच बोलते.

आणि दुर्दैवाने कोणाला वाहनाने उडवलेच, तर घाबरू नका. जखमीला उचलणाऱ्याला कलम १३४अ चे संरक्षण आहे. मे २०२५ पासूनच्या केंद्रीय योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. वाहन पळून गेले तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. मेलेली बाई ‘फक्त घरकाम’ करत होती असे समोरचा वकील म्हणाला, तर घरकामाचेही मोल धरावे लागते असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याचे त्याला दाखवा. वकिलाची फी नाही म्हणून कोणी दावा सोडू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे. पाच-पंचवीस हजारांत ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या कागदावर दुःखाच्या भरात अंगठा उमटवू नका.

मोटार घेणाऱ्याला आमचा विरोध नाही. आपल्या समाजातला तरुण शिकला, नोकरीला लागला, गाडी घेतली, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण गाडीच्या काचेआड बसल्यावर त्याने एवढे लक्षात ठेवावे की, समोरून डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई त्याचीच माय असू शकते. तिला आधी जाऊ देणे हाही बंधुभाव आहे.

एकेकाळी आम्हाला रस्त्यावर येऊ नका म्हणत होते. आज येऊ नका असे कोणी म्हणत नाही, पण चालायला जागाही ठेवत नाही. पहिली बंदी आमच्या बापजाद्यांनी मोडली. ही दुसरी बंदी टेप, अर्ज आणि संविधान हातात घेऊन मोडायची आहे. येत्या १४ एप्रिलला मस्तगडाकडे जाताना प्रत्येकाने आपल्या घरापासूनचा रस्ता डोळे उघडे ठेवून पाहावा, आणि १५ एप्रिलला पहिला अर्ज दाखल करावा.

जयभीम!