छत्तीस चित्रांची सनद

सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म ओंजळीत मावणाऱ्या कॅमेऱ्यात बसविण्याची ओस्कार बार्नाक यांची तजवीज फळास येऊन १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ‘लायका’ प्रगट झाला, तेव्हा तिपाईच्या बंधनातून सुटलेले छायाचित्रण रस्त्यावर उतरले. १९४७-४८ मध्ये हिंदुस्थानात हिंडणाऱ्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हातीही लायकाच होता. तथापि नवशिक्याने त्याचाच हट्ट धरू नये, कारण त्याच्या किमतीत बराचसा वाटा कीर्तीचा असतो. ज्याचे शटर बॅटरीवाचून चालते असा पेंटॅक्स के-१००० सारखा कॅमेरा पुरेसा आहे. मात्र मुंबईच्या चोरबाजारात तो पारखताना पाठचे झाकण उघडून शटर प्रत्येक वेगावर दाबून पाहावे, आणि भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे तंतू नाहीत याची खातरजमा करावी, कारण आपल्या किनारपट्टीची दमट हवा भिंगाची हाडवैरीण आहे.

रोलमध्ये चित्रे अवघी ३६, आणि प्रसंग तर पाहता पाहता ओसरणारा. म्हणून नवे कॅमेरे जो हिशेब आयत्या वेळी करतात तो आपण घरूनच करून निघावे. लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवल्यास शटरचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेच्या आकड्यास अनुसरून, म्हणजे ४०० च्या फिल्मला सेकंदाचा ५०० वा भाग, धरावा असा जुना दंडक आहे. त्यातच ५० मिलिमीटरच्या भिंगावर अंतर ३ मीटर लावून ठेवले, की सुमारे २ पासून ७ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट उमटते, आणि क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या गर्दीत शिरल्यावर कोणत्याही कड्यास हात न लावता केवळ पाहण्याचे काम उरते. बोरा बाजाराच्या सावलीत वळताच छिद्र तीन-चार पायऱ्या उघडावे लागते आणि ही ऐसपैस सवलत संपुष्टात येते. तेथे अंतराचा अजमास काटेकोर हवा. (चर्चगेटचे डबेवाले तूर्त वगळावेत, त्यांची छायाचित्रे उदंड झाली आहेत.) कोणी हात आडवा केला, तर ते फर्मान मानून कॅमेरा खाली घ्यावा.

कृष्णधवल रोल घरीच डेव्हलप करता येतो. परंतु डी-७६ सारख्या द्रावणाची कोष्टके बहुधा २० अंश सेल्सियस धरून मांडलेली, आणि वैशाखात नळाचे पाणी त्याहून पुष्कळ ऊन असते. तेव्हा द्रावणाचे भांडे बर्फाच्या परातीत ठेवावे, आणि शेवटच्या धुण्याचे पाणीही त्याच तपमानाचे घ्यावे, नाहीतर फिल्मवरील जिलेटिनचा थर सुरकुतण्याचा संभव असतो.