मेंदूतली गाठ आणि नवे उपचार

मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, तर कांदा हुंगवत बसू नका, दवाखाना गाठा. मेंदूचा एमआरआय लागला तर टाळू नका. पहाटे वाढणारी डोकेदुखी, सोबत उलट्या, हीसुद्धा दाखवण्याजोगी लक्षणे. गाठ म्हणजे कॅन्सरच, असे मुळीच नाही; मेंदूच्या आवरणातली मेनिन्जिओमा ही गाठ बहुधा साधी असते.

खरी प्रगती निदानात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात गाठीतील आयडीएचसारख्या जनुकांतील बदलही पाहतात. त्यावर उपचार ठरतात. उपचारांचे म्हणाल तर, बोलण्याच्या केंद्राजवळची गाठ रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत काढता येते, कारण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात प्रोटॉन किरणोपचारही आहेत. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर मात्र अजून हट्टीच.

बायोप्सीचा अहवाल जपून ठेवा. दुसरे मत घेताना तो लागतोच.